शेवटच्या पाच सामन्यांचा हिशोब

गोलंदाजाची कामगिरी स्कोअरबुकात चार आकड्यांत मावते: टाकलेली षटके, त्यातली निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि घेतलेले बळी. धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी टेनिस बॉलच्या स्पर्धेत मांडवाच्या कडेला वही घेऊन बसलेला मुलगा आणि वानखेडेवरचा अधिकृत स्कोअरर हे एकाच पद्धतीने लिहितात. धाव नसलेल्या चेंडूला टिंब, धाव असेल तर आकडा, बळी मिळाला तर इंग्रजी डब्ल्यू. सहाही टिंबे पडली की ती रेघेने जोडून एम काढायचा, म्हणजे मेडन. चौकोनाएवढ्या त्या घरात एका षटकाची सगळी हकिगत असते आणि गोलंदाजाविषयीचे पुढचे सगळे गणित तिथूनच निघते.

या नोंदीचे काही नियम आहेत. वाइड आणि नो-बॉलची धाव गोलंदाजाच्या खात्यात जाते, बाय आणि लेग-बाय जात नाहीत. धावबाद झालेला फलंदाज गोलंदाजाचा बळी धरला जात नाही. वाइड-नो-बॉलचा नियम मात्र गेल्या चाळीसेक वर्षांतला आहे. त्याआधी या धावा अवांतरात जमा व्हायच्या आणि गोलंदाजाचा आकडा स्वच्छ राहायचा. म्हणून जुन्या आणि नव्या गोलंदाजांची धावगती शेजारी ठेवताना थोडे सांभाळूनच बोलावे लागते.

या चार आकड्यांतून तीन गुणोत्तरे निघतात. समजा, एका गोलंदाजाने शेवटच्या पाच टी-ट्वेंटी सामन्यांत २० षटकांत १५० धावा देऊन ५ बळी घेतले. धावांना बळींनी भागले की सरासरी ३०. धावांना षटकांनी भागले की इकॉनॉमी, म्हणजे दर षटकामागे दिलेल्या धावा, ७.५. चेंडूंना बळींनी भागले की स्ट्राइक रेट २४. हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत: इकॉनॉमीला स्ट्राइक रेटने गुणून सहाने भागले की सरासरी मिळते. त्यामुळे सरासरी बिघडली एवढ्यावर थांबून चालत नाही. धावा जास्त जाताहेत की बळी मिळत नाहीत, हे आधी पाहावे लागते. दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

कोणता आकडा महत्त्वाचा, हे गोलंदाजाला कोणते काम दिले आहे त्यावर ठरते. नाशिकचे बापू नाडकर्णी यांचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटके टाकली. त्यातली २७ निर्धाव होती, धावा दिल्या ५ आणि बळी एकही नाही. लागोपाठ २१ षटके निर्धाव गेली, सलग १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. या डावापुरती त्यांची सरासरी काढताच येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. स्ट्राइक रेटचेही तेच. उरते ती इकॉनॉमी, आणि ती षटकामागे पाव धावेहून कमी. ४१ कसोटींच्या कारकिर्दीत त्यांनी ८८ बळी २९.०७ च्या सरासरीने घेतले आणि षटकामागे फक्त १.६७ धावा दिल्या. मात्र एका बळीसाठी त्यांना सुमारे १०४ चेंडू लागले. एक टोक बंद करून ठेवणे हे त्यांचे काम होते, आणि त्या कामाच्या मापाने ते असामान्यच होते. आजच्या वीस षटकांच्या सामन्यात धावगतीला किंमत आणखी जास्त आहे. पाच दिवसांच्या कसोटीत मात्र वीस बळी घेतल्याखेरीज सहसा जिंकता येत नाही, तिथे स्ट्राइक रेट आणि सरासरीला वजन.

गोलंदाजाच्या आकड्यात किती भाग त्याचा आणि किती इतरांचा, हा प्रश्न सर्वांत खोलवर तपासला गेला तो अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. तिथल्या नोंदींचे मूळ क्रिकेटमध्येच आहे. बेसबॉलच्या धावफलकाला घडण देणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला वार्ताहर क्रिकेटच्या वृत्तांकनातून त्या खेळाकडे वळला होता. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. त्याच्या नावापुढे पूर्वी संघाचे जय आणि पराजय लिहिले जायचे आणि त्यावरच त्याचे मोठेपण ठरायचे. पुढे त्याने दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या हे माप रूढ झाले. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेल्या धावा त्यातून वगळल्या जातात. या दोन मापांत किती अंतर पडते ते २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमने दाखवले. त्या हंगामात त्याने २१७ डावांत अशा ४१ धावा दिल्या, म्हणजे नऊ डावांमागे १.७०. तरी त्याच्या नावावर विजय फक्त १० आणि पराभव ९, कारण त्याच्या संघाला धावा काढता येत नव्हत्या. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. विजयांची जुनी मोजदाद मागे पडल्याची ती खूण होती.

वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये याच्याही पुढचा मुद्दा मांडला. फलंदाजाने मारलेला चेंडू मैदानातच राहिला, तर तो हातात जातो की मोकळ्या जागेत पडतो यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्या अभ्यासांनी हा दावा थोडा सौम्य केला, पण गाभा टिकला. तेव्हापासून पिचरला पारखताना तीन गोष्टी वेगळ्या काढल्या जातात: किती जणांना त्याने स्वतः चकवून बाद केले, किती जणांना फुकट बेस दिला आणि किती चेंडू थेट मैदानाबाहेर गेले. या तिन्हींत क्षेत्ररक्षकाचा हात सहसा नसतो.

क्रिकेटच्या स्कोअरबुकात अशी विभागणी नाही. स्लिपमध्ये झेल सुटला तर गोलंदाजाचा बळी जातो, चार धावाही जातात आणि वहीत फक्त चौकार उरतो. त्रिफळा आणि पायचीत हे बळी गोलंदाजाच्या एकट्याच्या कमाईच्या सर्वांत जवळचे. झेलात भागीदारी असते. म्हणून कुणाचा फॉर्म गेला असे म्हणण्याआधी त्याच्या गोलंदाजीवर किती झेल सुटले हे विचारायलाच हवे. गावच्या स्पर्धेत तर हे अधिकच लागू, कारण खडबडीत मैदानावर झेल सुटण्याचे प्रमाण मोठे असते.

मुंबईत वाढलेल्या आणि अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरचे २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकातले दोन सामने या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहेत. मुंबईत संगणक अभियांत्रिकी शिकलेला हा डावखुरा वेगवान गोलंदाज २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, नंतर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि तिथे नोकरी सांभाळून पुन्हा मैदानात उतरला. ६ जून रोजी डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्ध त्याचे आकडे होते ४ षटके, १८ धावा, २ बळी. १२ जून रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध पुन्हा ४ षटके, १८ धावा, २ बळी. स्कोअरबुकाच्या दृष्टीने दोन्ही कामगिऱ्या तंतोतंत सारख्या.

डॅलसच्या ज्या मैदानावर हा पहिला सामना झाला, ते मुळात बेसबॉलचे होते. तिथे दोन्ही संघांनी वीस षटकांत १५९ धावाच केल्या, म्हणजे त्या दिवशीची सर्वसाधारण गती षटकामागे जवळपास ८ होती. नेत्रावळकरने ४.५ ने धावा दिल्या. दर षटकात त्याने जवळपास साडेतीन धावा वाचवल्या. न्यूयॉर्कच्या खेळपट्टीवर धावा काढणे सगळ्यांनाच जड गेले. अमेरिकेने २० षटकांत ११० केल्या, भारताने १८.२ षटकांत १११. सामन्याची गतीच ५.८ च्या आसपास, त्यामुळे तिथे ४.५ चा फायदा षटकामागे सव्वा धावेचाच. धावा रोखण्याच्या हिशोबात डॅलसची कामगिरी खूप वरची ठरते. बळींचा हिशोब उलटा आहे: न्यूयॉर्कमध्ये बाद झाले ते विराट कोहली, तोही पहिल्याच चेंडूवर, आणि रोहित शर्मा. डॅलसमधल्या दोन बळींपैकी मोहम्मद रिझवानचा बळी स्लिपमध्ये स्टीव्हन टेलरने झेप घेऊन एका हाताने टिपलेल्या झेलामुळे मिळाला. तो झेल सुटला असता तर चेंडू तोच, पण बळी एकच.

यात आणखी एक मोठी गोष्ट नोंदलीच गेली नाही. डॅलसचा सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर झाली. अमेरिकेने १८ धावा केल्या आणि नेत्रावळकरने पाकिस्तानला १३ वर रोखून सामना जिंकून दिला. सुपर ओव्हरचे आकडे खेळाडूच्या कारकिर्दीत धरले जात नाहीत. त्याच्या आयुष्यातले कदाचित सर्वांत मोलाचे सहा चेंडू त्याच्या सरासरीत नाहीत.

एकाच सामन्यातही आकडा पोटातली गोष्ट लपवतो. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात श्रीरामपूरच्या झहीर खानने १० षटकांत ६० धावा देऊन २ बळी घेतले. कागदावर हे साधारण वाटते. पण पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव, धावा ६ आणि उपुल थरंगाचा बळी होता. उरलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या आणि एक बळी मिळाला. म्हणजे अर्ध्या कामात इकॉनॉमी १.२ आणि अर्ध्यात १०.८. शेवटच्या पाच षटकांत श्रीलंकेने एकूण ६३ धावा झोडल्या, त्या माऱ्याखाली झहीरही आला. नव्या चेंडूचा झहीर आणि शेवटच्या षटकांतला झहीर यांची बेरीज करून निघालेला ६ हा आकडा दोघांपैकी कुणाचेच वर्णन करत नाही. त्या स्पर्धेत त्याने ९ सामन्यांत १८.७६ च्या सरासरीने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीबरोबर तो सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला. अंतिम सामन्याचा एकच ताळेबंद पाहणाऱ्याला हे कळले नसते.

आता मुख्य अडचण. अलीकडची कामगिरी म्हणजे थोडे सामने, आणि थोड्या सामन्यांत योगायोगाला मोकळे रान मिळते. वरच्या उदाहरणातला गोलंदाज पुन्हा घ्या, सरासरीने दर २४ चेंडूंमागे एक बळी घेणारा. त्याचे कौशल्य वर्षभर जसेच्या तसे राहते असे धरा. तो ना सुधारतो, ना बिघडतो. प्रत्येक सामन्यात २४ चेंडू टाकतो, म्हणजे सामन्यामागे सरासरी एक बळी. तरीही संभाव्यतेच्या गणितानुसार त्याच्या शंभर सामन्यांपैकी सुमारे ३६ सामन्यांत त्याची झोळी रिकामी राहील, सुमारे ३८ सामन्यांत एक बळी मिळेल, १९ सामन्यांत दोन आणि सात-आठ सामन्यांत तीन किंवा अधिक.

पाच सामन्यांचा गट केला तर तरी चित्र स्थिरावते का? फारसे नाही. पाच सामन्यांत त्याने पाच बळी घेणे अपेक्षित आहे. पण अशा शंभर गटांपैकी सुमारे १२ गटांत त्याला दोन किंवा त्याहून कमी बळी मिळतील आणि सुमारे १३ गटांत आठ किंवा जास्त. पहिल्या प्रसंगी पारावर चर्चा होईल की याचा हात गेला. दुसऱ्या प्रसंगी त्याला नव्या चेंडूसाठी बोलावणे येईल. गोलंदाज मात्र तोच आहे. निवड करणाऱ्यांनी हे गणित समोर ठेवले तर कितीतरी पोरांवरचा अन्याय टळेल.

खान्देशातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळ्या रूपात ठाऊक आहे. पैसेवारी ठरवताना तलाठी बांधाजवळचा चांगला तुकडा पाहून गावचे पीक ठरवू शकत नाही. पीक कापणी प्रयोगात शेत आणि शेतातली जागा चिठ्ठी काढावी तशी निवडतात, ठरावीक मापाचा चौकोन आखतात, त्यातले पीक तोलतात आणि असे पुरेसे चौकोन झाल्यावरच तालुक्याचे उत्पन्न अंदाजतात. या पद्धतीला शास्त्रीय पाया देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. इंदूरला कापूस संशोधनात काम केलेले वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेले सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि कृषी विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. त्या शास्त्राची पहिली अट हीच, की नमुना आपल्या सोयीने निवडायचा नाही. क्रिकेटच्या गप्पांत ती रोज मोडली जाते. गोलंदाज आवडता असेल तर त्याचे शेवटचे आठ सामने मोजले जातात, नावडता असेल तर शेवटचे तीन, कारण चौथ्यात त्याने चार बळी घेतलेले असतात. किती सामने धरायचे हे आकडे पाहण्याआधी ठरले पाहिजे.

सगळे आकडे सारखेच डळमळीत नसतात. बळी ही क्वचित घडणारी गोष्ट, म्हणून तो आकडा सर्वांत उशिरा स्थिरावतो. निर्धाव चेंडूंचे प्रमाण लवकर स्थिर होते, कारण प्रत्येक चेंडू तिथे काहीतरी सांगतो. इकॉनॉमी या दोहोंच्या मधे. तिलाही एखादे वाईट षटक हलवून टाकते: वरच्या २० षटकांतल्या १५० धावांपैकी २४ धावा एकाच षटकात गेल्या असतील, तर ते षटक वगळता उरलेल्या १९ षटकांची इकॉनॉमी ६.६३ होते. ते षटक वगळून टाकावे असा याचा अर्थ नाही, त्या धावा खऱ्याच आहेत. पण दर षटकात थोडे थोडे गळणारा गोलंदाज आणि एकदाच फुटलेला गोलंदाज यांच्यात फरक केला पाहिजे.

मग अलीकडच्या आकड्यांना किंमत किती द्यायची? यावरचा रूढ उपाय म्हणजे जुने आणि नवे यांची वजन लावून बेरीज. समजा, गोलंदाजाने आधी १,२०० चेंडू टाकले आणि इकॉनॉमी ७.२ राखली. शेवटच्या १२० चेंडूंत ती ९ झाली. सगळे चेंडू सारखे धरले तर उत्तर ७.३६ येते, म्हणजे ताज्या घसरणीची जवळपास दखलच नाही. फक्त ताजे धरले तर ९, म्हणजे घबराट. जुन्या चेंडूंचे वजन निम्मे केले, १,२०० ऐवजी ६०० धरले, तर उत्तर ७.५ येते. पुढच्या सामन्यासाठी हा अंदाज ९ पेक्षा बहुतेक वेळा खऱ्याच्या जवळ जातो. बळींचा अंदाज करताना जुन्याचे वजन आणखी जास्त ठेवावे, निर्धाव चेंडूंसाठी कमी चालेल. आंतरराष्ट्रीय क्रमवारीतही हेच तत्त्व आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत ताज्या सामन्याला जास्त वजन असते, जुना सामना हळूहळू विरत जातो, आणि चांगल्या फलंदाजाचा बळी जास्त मोलाचा धरला जातो.

तरीही काही वेळा सरासरी काढणेच चुकीचे ठरते, कारण दोन ठिकाणचे आकडे दोन वेगळ्या कामांचे असतात. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर उतरला आणि ४७.५ षटकांत ११९ धावा देऊन भारताच्या पहिल्या डावातले दहाच्या दहा बळी त्याने एकट्याने घेतले. कसोटीत असे करणारा तो तिसराच गोलंदाज. त्याच महिन्यात बांगलादेशविरुद्धच्या मायदेशातल्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, त्यात त्याचे नाव नव्हते. भारतात त्यावर हळहळ व्यक्त झाली, पण त्या निर्णयामागे हिशोब होता. न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर तोपर्यंतच्या कसोटींत एजाजला एकही बळी मिळालेला नव्हता. पुढे २०२४ मध्ये तो भारतात परतला, तीन कसोटींत १५ बळी घेतले, त्यातले ११ पुन्हा वानखेडेवर, आणि न्यूझीलंडने मालिका ३–० ने जिंकली. वानखेडेवरच्या दोन कसोटींत मिळून त्याचे २५ बळी आहेत. त्याच्या बाबतीत ‘अलीकडे कशी गोलंदाजी करतोय’ यापेक्षा ‘कुठे करतोय’ हे आधी विचारावे लागते.

यातले बरेचसे मोजमाप करायला मोठी यंत्रणा लागत नाही. धरणगावच्या एखाद्या संघाने स्पर्धेच्या वहीत नेहमीच्या रकान्यांशेजारी चार जास्तीचे रकाने आखले तरी पुरे. एकात निर्धाव चेंडू. दुसऱ्यात फलंदाज बीट झाला ते चेंडू, मग बळी मिळो न मिळो. तिसऱ्यात सुटलेले झेल. चौथ्यात षटक डावाच्या कोणत्या टप्प्यावर टाकले ते. शेवटी त्या सामन्याची दोन्ही संघांची मिळून धावगती लिहावी, म्हणजे छोट्या मैदानावरचे ९ आणि मोठ्या मैदानावरचे ९ वेगळे ओळखता येतील. सहा-आठ षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाच्या वाट्याला दोनच षटके येतात. म्हणजे टी-ट्वेंटीच्या एका सामन्याएवढे चेंडू जमायला इथे दोन सामने लागतात आणि वरच्या उदाहरणातले १२० चेंडू व्हायला दहा. तोवर बळींच्या रकान्याकडे पाहून कुणाला बसवू नये. बीट झालेले चेंडू आणि निर्धाव चेंडू पूर्वीइतकेच पडत असतील तर तो गोलंदाज ठीक आहे. तेच घटू लागले, तर मात्र त्याच्या खांद्याची आणि रनअपची चौकशी करायला हवी.